बॅटरीची खुर्ची घरी आली, पुढे काय?

(कम्युनिटी रेडिओवर सादर झालेलं भाषण)



दिवेलागणीची वेळ आहे. कुणाचे हात पिठात असतील, कुणी धार काढून आत्ताच टेकली असेल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

आम्ही बचत गटाचं काम बघतो. या रेडिओवर येतो तेव्हा बचत, अंतर्गत कर्ज आणि वेळेवर परतफेड हेच सांगतो. आज मात्र एका खुर्चीबद्दल बोलणार आहोत. बॅटरीवर चालणारी चाकांची खुर्ची. तुम्ही म्हणाल, आमच्या घरात अशी खुर्ची नाही, मग आम्ही कशाला ऐकायचं? तर ऐका. खुर्चीवर बसणारी एकटी असते, पण तिच्या भोवती घर असतं, शेजार असतो, गट असतो. चूक बहुतेक वेळा भोवतालच्यांच्याच हातून होते. आमच्या हातून झाली, म्हणून सांगतो.

आमच्या गटात एक अक्का आहे. सगळा गाव तिला अक्काच म्हणतो. काही वर्षांपूर्वी माळवदावर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करताना ती खाली पडली आणि मानेच्या मणक्याला मार बसला. जीव वाचला, पण पाय गेले. हातही अर्धे गेले. मनगट वर उचलता येतं, बोटं मात्र मिटत नाहीत. हाताने ढकलायची साधी खुर्ची घरी होती, पण चाक पकडायला बोटं हवीत ना? मग कुणी ढकललं तर अक्का ओसरीत, नाही ढकललं तर पलंगावर. अशी चार वर्षं गेली. गटाच्या सभेला तिची बचत यायची, ती येत नव्हती.

मग तालुक्याला शिबिर झालं आणि तिला बॅटरीची खुर्ची मिळाली. हाताच्या पट्टीपुढे एक छोटी दांडी असते, तिला जॉयस्टिक म्हणतात. जिकडे दांडी झुकवाल तिकडे खुर्ची जाते. बोटं मिटायची गरज नाही, तळहाताच्या कडेने ढकललं तरी चालतं. अक्का स्वतः खुर्ची चालवत सभेला आली, त्या दिवशी आम्ही टाळ्या वाजवल्या. हार घातला, फोटो काढले. पण ही चार्ज कशी करायची, उतारावर काय करायचं, बिघडली तर कुणाला बोलवायचं, यातलं एकही अक्षर आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. खुर्चीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक तिच्या घरी देवळीत तसंच पडून राहिलं. आम्ही बी.ए. झालेल्या. आम्हाला ते वाचता आलं असतं. वाचलं नाही.

दुसऱ्या महिन्यात व्हायचं ते झालं. आदल्या रात्री खुर्चीचा चार्जर लावला होता, पण घरात त्या बाजूला बटणाची जागा एकच. कुणीतरी चार्जर काढून मोबाईल लावला आणि सकाळी कुणाच्या लक्षात आलं नाही. अक्का अर्ध्या बॅटरीवर सभेला आली. सभा संपता संपता बॅटरी उतरली. आम्ही म्हटलं, पोरं ढकलत नेतील. खुर्ची ढकलायची तर मोटारीजवळचे दोन खटके सोडावे लागतात. एका पोराला ते माहीत होतं, त्याने सोडले. समाजमंदिराला दीड फुटाचा चढ आहे आणि त्याला उतार केलाय जेमतेम चार फुटांचा. नुसती घसरगुंडी. अक्कासकट खुर्ची खाली उतरवताना पोरांच्या हातून सुटली. खुर्चीच साठेक किलोची, वर माणूस. कशी धरणार? सुसाट गेली आणि बांधकामाच्या वाळूच्या ढिगात जाऊन रुतली. म्हणून वाचलो.

अक्का पडली नाही. हसली सुद्धा. आम्ही म्हटलं, देवाची कृपा. रात्री सासूबाईंनी तिचे मोजे काढले तेव्हा उजवा मोजा रक्ताने भिजलेला. पाय पाटीवरून घसरून जमिनीवर फरफटला होता. पायाला जाणीवच नाही, तर दुखणार कुठून? सहा तास जखम तशीच होती. ती भरायला अडीच महिने लागले. त्यात दोनदा तालुक्याचा दवाखाना झाला.

घरचे म्हणाले, नको ती खुर्ची. गोणपाट टाकून ती पडवीत ढकलून दिली. अक्का पुन्हा पलंगावर. तीन महिन्यांनी गोणपाट काढलं तर दोन्ही बॅटऱ्या मेलेल्या आणि एक वायर उंदरांनी कुरतडलेली. शिबिरात दिलेल्या फोनवर नुसती घंटा वाजत राहायची.

आता प्रश्न पैशांचा. बॅटऱ्या, वायर आणि मजुरी मिळून चौदा हजार चारशे रुपये. अक्काने गटाकडे कर्ज मागितलं. सभेत वाद झाला आणि तो बराच रंगला. एक जण म्हणाली, कर्ज शेळीला देतो, शिलाई मशीनला देतो, दुकानाला देतो. खुर्ची काय दूध देणार आहे? दुसरी म्हणाली, पुन्हा तसंच झालं तर पैसेही बुडतील आणि अक्काही. आम्ही गप्प होतो, कारण आम्हालाही तीच भीती होती. शेवटी अक्का बोलली. फोनच्या स्पीकरवरून बोलली, सभेला यायला खुर्चीच नव्हती ना! ती म्हणाली, “मला दया म्हणून देऊ नका. गटाचा मसाला बाजारात विकायला बाई मिळत नाही, रोज तेच रडता. मी बसते. आठवड्याला बाजार करते. पण बाजारापर्यंत मला कोण नेणार? माझी खुर्चीच नेणार. आणि खुर्ची पडली ती खुर्चीमुळे नाही. आपल्याला ती कळत नव्हती म्हणून पडली.”

कर्ज मंजूर झालं. बारा हप्ते, महिना बाराशे रुपये मुद्दल आणि वर शेकडा एक रुपया व्याज. पण एक अट घातली. अक्काला नव्हे, आम्हाला सगळ्यांना. खुर्ची शिकायची. ते इंग्रजी पुस्तक आम्ही चार बैठकांत वाचून मराठीत उतरवलं. तालुक्याच्या बॅटरी दुकानातल्या दादांना बोलावून खुर्ची उघडून बघितली. त्यातून जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, ही खुर्ची चालते कशी. कॅनडामधले जॉर्ज क्लाइन नावाचे एक इंजिनिअर होते. दुसऱ्या महायुद्धात जखमी होऊन हातापायांची ताकद गेलेल्या सैनिकांसाठी त्यांनी बॅटरीची खुर्ची बनवली. ज्याचे हातही चालत नाहीत त्याने दुसऱ्याच्या मदतीशिवाय हिंडावं, एवढाच त्यामागचा विचार. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

खुर्चीच्या बैठकीखाली सहसा बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. त्या एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्ट होतात. डाव्या चाकाला एक मोटार, उजव्या चाकाला एक. दोन्ही सारख्या फिरल्या की खुर्ची सरळ जाते, एक हळू फिरली की वळते. आणि ब्रेक? सायकलसारखा वेगळा ब्रेक नाही. दांडी सोडली की खुर्ची हळू होऊन थांबते आणि मोटारीतला ब्रेक आपोआप आवळतो. तो सोडायला वीज लागते, आवळायला लागत नाही. म्हणून खुर्ची बंद असली तरी चाकं घट्ट असतात. फक्त ते दोन खटके सोडले की मोटार चाकापासून सुटते आणि मग ब्रेक उरतच नाही. खुर्ची म्हणजे नुसता गाडा होतो.

म्हणून आमचा पहिला नियम. खटका सोडायचा तो सपाट जमिनीवर, शक्यतो खुर्ची रिकामी असताना. उतारावर कधीच नाही. माणूस बसलेलं असताना ढकलणं अगदीच अडलं, तर सपाटीवर, दोघांनी धरून. काम झालं की खटके लगेच परत लावायचे आणि खुर्ची ढकलून बघायची. हलली नाही म्हणजे लागले. आम्ही खटक्यांना लाल रंग दिला आहे. पोरासोरांना सांगितलंय, लाल म्हणजे विचारल्याशिवाय हात नाही.

दुसरी गोष्ट, चार्जिंग. ही बॅटरी जनावरासारखी आहे, रोज वैरण हवी. दिवसभर वापरली की रात्री चार्जला लावायची, मग दोन तास वापरली असो की पाच. पूर्ण भरायला आठ-दहा तास जाऊ शकतात. हिरवा दिवा लागेपर्यंत काढायची नाही. “पूर्ण उतरू दे, मग लावू” असं करू नका. शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतून खराब होते आणि मग कितीही चार्ज करा, भरत नाही. आमची तशीच मेली. खुर्ची वापरात नसली तरी अधूनमधून चार्ज करावीच लागते. काही नव्या खुर्च्यांना लिथियमची बॅटरी असते. तिचा चार्जर वेगळा, रीत वेगळी. ते तिच्या पुस्तकात बघायचं. एकीचा चार्जर दुसरीला लावायचा नाही.

चार्जर कुठे लावायचा? जमिनीवर किंवा फळीवर, हवा लागेल असा. अंथरुणावर नाही, गोधडीखाली नाही, चुलीजवळ तर नाहीच. तीन पिनांचा प्लग असतो, त्याची जाड पिन मोडून दोन पिनांत घुसवू नका. ती अर्थिंगची पिन आहे. अक्काच्या घरी आम्ही वायरमनकडून अर्थिंग तपासून घेतलं आणि खुर्चीसाठी वेगळं बटण बसवलं. वर कागद चिकटवला: ‘अक्काचे पाय. काढू नये.’ तेव्हापासून कुणी मोबाईल लावत नाही.

बॅटरी बदलताना दोन्ही एकदम बदलायच्या, एकाच बनावटीच्या. एक जुनी आणि एक नवी ठेवली तर जुनी नवीलाही घेऊन बसते. गाडीची बॅटरी स्वस्त मिळते म्हणून घालू नका. ती इंजिनाला एक झटका देण्यासाठी असते, दिवसभर ओझं वाहायला नाही. आणि बॅटरीच्या जागी हात घालायचा तर आधी बांगड्या, अंगठी, लोंबणारं मंगळसूत्र बाजूला. बॅटरीच्या दोन टोकांना धातू एकदम लागला तर क्षणात ठिणगी पडते आणि कातडी भाजते. खरं तर हे काम जाणकाराचंच. आपण फक्त नीट बघायचं.

तिसरी गोष्ट, घरातली. खुर्ची घ्यायच्या आधी दाराची रुंदी मोजा. चौकट ते चौकट नाही, दार उघडल्यावर जेवढी जागा उरते तेवढी. अक्काच्या घरी उंबऱ्याची अडचण होती. सासूबाई म्हणाल्या, उंबरा कापायचा नाही, त्याची पूजा होते. मग सुताराने दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी बसवून दिल्या. उंबरा राहिला आणि खुर्ची आरपार जायला लागली. घरात वेगाचं बटण सगळ्यात खाली ठेवायचं. मागे घेताना आधी वळून बघायचं. मागे रांगतं पोर असतं, कोंबडी असते, पाण्याची बादली असते.

खुर्चीत बसवताना आणि उतरवताना खुर्ची आधी बंद करायची. ती चालू असताना बाही किंवा कोपर दांडीला लागलं की खुर्ची उडी मारते. पाय ठेवायच्या पाट्या बाजूला करायच्या. पाटीवर भार देऊन उभं राहायचं नाही, खुर्ची पुढे उलटते. बसल्यावर कमरेचा पट्टा, मग पाय नीट पाटीवर. अक्काचे पाय आता मागून एका रुंद पट्ट्याने अडवलेले असतात, घसरत नाहीत.

आणि पदर! पुस्तकात हे नव्हतं, आम्ही आमच्या डोक्याने शिकलो. पदर, ओढणी, शालीचं टोक चाकात जाऊ शकतं. अक्का पदर खोचून बसते, वरून पिन लावते. मांडीवर गरम पातेलं किंवा चहाची किटली ठेवायची नाही. ज्या मांडीला जाणीव नाही ती भाजली तरी कळत नाही. नातवंडाला मांडीवर घेऊन फेरी मारायची नाही. खुर्ची एका माणसाची आहे. मागच्या दांड्यांना जड पिशव्या अडकवायच्या नाहीत, चढावर पुढची चाकं उचलली जातात. मागे जी दोन बारीक चाकं असतात ती शोभेची नाहीत. ती खुर्ची मागे उलटू देत नाहीत. अडखळतात म्हणून काढून ठेवू नका.

चौथी गोष्ट, चढउतार आणि रस्ता. उताराचं माप एकास बारा. म्हणजे एक फूट चढायचं तर उतार बारा फूट लांब. आमच्या समाजमंदिराला दीड फूट उंची, म्हणजे अठरा फूट हवा होता. होता चार फूट! आम्ही बायकांनी टेप घेऊन मोजलं आणि ग्रामसभेत हा हिशेब मांडला. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, हेही सांगितलं. तीन ग्रामसभा लागल्या. आता उतार वळसा घेऊन बांधलाय, कडेला कठडा आहे. त्यावरून म्हाताऱ्या माणसांची सोय झाली आणि बाळंतिणीचीही.

उतारावर सरळ जायचं, तिरकं नाही. चढताना अंग थोडं पुढे, मध्येच वळायचं नाही. उतरताना वेग कमी आणि पाठ टेकलेली. थांबायचं तर दांडी हळूच सोडायची. चालू खुर्चीचं बटण बंद करून थांबवलं तर ती जागच्या जागी गच्चकन थांबते आणि बसलेलं माणूस पुढे फेकलं जातं. दांडी सोडूनही थांबत नसेल, तेव्हाच बटण बंद. ओल्या शेणावर, चिखलात, सैल वाळूत नेऊ नका. आधी एकदा रिकाम्या हाताने चालत जाऊन रस्ता बघून या. अक्का बाजाराच्या वाटेवर आमच्याबरोबर तीन वेळा जाऊन आली, मग एकटी निघाली. खुर्चीच्या मागे उंच काठीला लाल कापड बांधलंय आणि चारही बाजूंना रेडियमच्या पट्ट्या आहेत. खुर्ची बुटकी असते, ट्रॅक्टरवाल्याला दिसत नाही. अंधार पडायच्या आत परत यायचं. मोबाईल गळ्यात, पूर्ण चार्ज केलेला. आणि बॅटरीचे निम्मे दिवे गेले की जिथे असू तिथून माघारी. पुढे जायला जेवढी बॅटरी लागते, परत यायलाही तेवढीच लागते.

टेंपोतून खुर्ची न्यायची असेल तर माणसाने वेगळं गाडीच्या सीटवर बसायचं. खुर्ची रिकामी, बंद, खटके लावलेली आणि चारही कोपऱ्यांनी दोरीने आवळलेली. नुसत्या खटक्यांच्या भरवशावर ती गाडीत थांबत नाही.

पाचवी गोष्ट अंगाची. खुर्ची फिरते, पण तीत बसलेलं अंग एकाच जागी दबून राहतं. दर अर्ध्या तासाने पुढे झुकायचं, मग डाव्या अंगावर, मग उजव्या. म्हणजे बुडाखालच्या कातडीला रक्त मिळतं. नाही केलं तर जखम होते आणि ती हाडापर्यंत जाऊ शकते. साधी फोमची गादी दबून पातळ झाली की बदला. रोज रात्री पाय, घोटे, माकडहाड आरशात किंवा दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायचं. लाल डाग दिसला आणि बोटाने दाबूनही गेला नाही, तर त्या जागेवर भार बंद आणि दवाखान्यात दाखवायचं. मानेच्या मणक्याला मार लागलेल्या माणसाला घामही नीट येत नाही, म्हणून उन्हात अंग तापत जातं. उन्हाळ्यात अक्काजवळ पाण्याची बाटली आणि ओला पंचा असतोच.

सहावी गोष्ट, निगा. रोज पाच मिनिटं, आठवड्याला अर्धा तास, बस्स. रोज बघायचं: बॅटरीचे दिवे, दांडी सोडल्यावर ती मधोमध येते का, सपाटीवर दोन हात चालवून थांबते का, पट्टा धड आहे का. आठवड्याला चाकं बघायची. हवेचे टायर असतील तर किती हवा ते टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं. एका चाकात हवा कमी असली की खुर्ची एकीकडे ओढते. पुढच्या चाकांच्या आसात केस, दोरे, सुतळी गुंतते, ती काढायची. नटबोल्ट हाताने हलवून बघायचे. वायरी कुठे घासतात का, उंदराचे दात लागलेत का. खुर्ची धान्याच्या कणगीजवळ ठेवू नका, उंदीर तिथेच असतात.

धुवायची नाही. नळी लावून, बादली ओतून तर मुळीच नाही. घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायची. पावसात दांडीवर प्लास्टिकची पिशवी बांधायची, पण मोठ्या पावसात बाहेरच काढू नये. भिजलीच तर बंद करून पूर्ण वाळू द्यायची, मगच चालू करायची. आणि बिघाड झाला की दांडीजवळचे दिवे लुकलुकतात. किती वेळा लुकलुकले ते मोजून लिहून ठेवा आणि कारागिराला सांगा. त्यावरून बिघाड कुठे आहे ते कळतं. पावती, गॅरंटीचं कार्ड, खुर्चीचा नंबर हे सगळं एका पिशवीत, रेशनकार्डाशेजारी.

आता ज्यांना अशी खुर्ची हवी आहे त्यांच्यासाठी थोडं. आधी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मानलंय, म्हणून “आपल्याला बसत नाही” असं घरी बसून ठरवू नका. केंद्र सरकारची एडिप नावाची योजना आहे. कानपूरची एलिम्को ही सरकारी कंपनी त्यातली साधनं बनवते आणि शिबिरांतून देते. मोटारीची साधनं जास्त तीव्र दिव्यांगत्व असणाऱ्यांना मिळतात. निकष आणि उत्पन्नाची अट जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात ताजी विचारून घ्या. हँडलची मोटारची तीनचाकी आणि दांडीची खुर्ची यात गल्लत करू नका. तीनचाकी लांबच्या रस्त्याला बरी, पण ती न्हाणीपर्यंत जात नाही आणि हँडल धरायला बोटं लागतात. खुर्ची ताब्यात घेताना माणसाला तीत बसवून बघा आणि तिथेच विचारा: चार्ज कशी करायची, दुरुस्ती कुठे, बॅटरी कुठे मिळेल. हार नंतर घाला. आम्ही आधी घातला.

आणि खुर्ची फुकट मिळाली तरी बॅटरी फुकट नसते. नीट जपली तर दोन-तीन वर्षं जाते, मग बदलावीच लागते. म्हणून कर्ज फिटल्यावर अक्काने गटात वेगळी बचत सुरू केली आहे. महिना सहाशे रुपये. चोवीस महिन्यांत चौदा हजार चारशे होतात. पुढच्या बॅटरीला ती कर्ज मागणार नाही.

शेवटचा नियम पुस्तकातला नाही, अक्काचा आहे. तिला न विचारता खुर्चीला हात लावायचा नाही. लग्नकार्यात लोक तिला बाजूला घ्यायला खुर्ची मागून ढकलायचे, वाटेत आली म्हणून फिरवून ठेवायचे, पोरं दांडीशी खेळायची. अक्का म्हणाली, “तुमच्या खांद्याला धरून तुम्हाला कुणी असं सरकवलं तर चालेल का?” आम्हाला उत्तर देता आलं नाही. जॉर्ज क्लाइनबद्दल मघाशी सांगितलं ते यासाठीच. ज्याला हिंडायचंय त्याच्या हातात खुर्ची असावी म्हणूनच ती बनली. कुठे जायचं, केव्हा थांबायचं हे बसणारीने ठरवायचं. आपण तिला विचारायचं, “अक्का, काही करू का?” ती नको म्हणाली तर नको.

बारा हप्त्यांतला एकही चुकला नाही. पावसाने बाजार बुडाला त्या महिन्यातही नाही. मसाला कसा खपतो म्हणाल, तर गेल्या बाजारात तिखट संपलं आणि अक्काने आम्हालाच दम भरला, पुढच्या वेळी दोन किलो जास्त कुटा म्हणून.

तिच्या सासूबाई आता रोज रात्री झोपायच्या आधी दोन गोष्टी बघतात. दाराची कडी आणि चार्जरचा दिवा. तुमच्या घरात, शेजारात अशी खुर्ची असेल तर आज रात्री तुम्हीही जाऊन तेवढं बघा. दिवा लागलाय का, आणि खटके जागेवर आहेत का.